हार्ट फेल्युअरचा पेशंट घरी आल्यावर पहिला महिना कसा सांभाळायचा

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आणलं, त्यानंतर अकराव्या रात्री दोन वाजता ते पलंगावर उठून बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले, मान पुढे काढली आणि म्हणाले, "खिडकी उघड गं, इथं हवाच नाही." खिडकी उघडीच होती. सकाळी आम्ही पुन्हा त्याच आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलो होतो. सात आठवड्यांनी परत एकदा. अडीच महिन्यांत तीन वेळा अ‍ॅडमिट, आणि तिन्ही कार्डांवर कारण एकच: अंगात पाणी साठून दम लागला.

त्याला आता तीन वर्षं होत आली. मधल्या काळात आण्णा दम लागून एकदाही अ‍ॅडमिट झालेले नाहीत. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, फार सुधारलं असं नाही. पहिल्या टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ३० टक्के होतं, शेवटच्या इकोत ३५. औषधं नियमित झाली आणि घरातल्या काही सवयी बदलल्या, एवढंच. पहिल्याच दिवशी कुणी समोर बसवून हे सांगितलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या असं मला मनापासून वाटतं, म्हणून क्रमाने लिहिते आहे. गोळ्या कुठल्या आणि किती हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मी लिहिते ते डिस्चार्जपासून पुढच्या तपासणीपर्यंतच्या दिवसांबद्दल, जेव्हा पेशंट सर्वस्वी आपल्या हातात असतो.

आधी आजार समजून घ्या

हार्ट फेल्युअर म्हटलं की हार्ट बंद पडलं असं वाटतं. हृदय चालूच असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतं. काहींचं हृदय आकुंचन नीट पावत नाही, काहींचं ताठर होऊन नीट भरत नाही. रक्त कमी पोचलं की मूत्रपिंडांचा समज होतो की अंगात पाणीच कमी आहे. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी पायांत उतरतं, पोटात साठतं आणि शेवटी फुप्फुसांत शिरतं. पेशंटला आडवं होता येत नाही ते त्यामुळे.

हे पाणी एका रात्रीत साठत नाही. अ‍ॅडमिट व्हावं लागण्याच्या निदान आठवडाभर आधीपासून बऱ्याच पेशंटचं वजन वाढायला लागलेलं असतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. आम्ही सगळ्यांना सांगत होतो की आण्णांना रात्री "अचानक" झालं. नंतर आठवून पाहिलं तर चार दिवस आधी त्यांनी दुसरी उशी मागून घेतली होती, चपलेचा पट्टा रुततो म्हणत होते, जेवण अर्ध्यावर सोडत होते. आईला एक गोष्ट माहीत होती, मला दुसरी, भावाला तिसरी. तिन्ही एकत्र कुणी मांडल्या नाहीत.

डिस्चार्जनंतरचा पहिला महिना सगळ्यात नाजूक असतो, आणि हे जगभर तसंच आहे. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या नोंदी तपासून २००९ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात डिस्चार्ज झालेल्या दर पाच पेशंटपैकी जवळपास एक जण ३० दिवसांच्या आत परत अ‍ॅडमिट झालेला होता. हार्ट फेल्युअरवाल्यांमध्ये हे प्रमाण त्याहून जास्त. ऑक्टोबर २०१२ पासून तिथलं सरकार अशा फेऱ्या जास्त असणाऱ्या हॉस्पिटलांचे पैसे कापतं, त्यामुळे पेशंट घरी गेल्यावर फोन करणं, घरी नर्स पाठवणं यात हॉस्पिटल लक्ष घालतं. आपल्याकडे तसं बंधन नाही. घरी आल्यावर चौकशीचा फोन येईलच अशी वाट पाहू नका.

पायरी १: डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका

त्या दिवशी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सकाळी राउंडला "आज सोडतो" म्हणतात, मग बिल, विम्याची मंजुरी, गाडीची सोय यात संध्याकाळ होते. फाईल हातात पडते तेव्हा सगळ्यांना घर दिसत असतं. सिस्टर दोन मिनिटांत गोळ्या सांगते, आपण मान हलवतो. आमचं पहिल्या वेळी अगदी असंच झालं.

त्यामुळे प्रश्न आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा आणि उत्तरं मिळाल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. पहिला प्रश्न वजनाचा: सूज उतरल्यावर आज वजन किती आहे? डॉक्टर याला कोरडं वजन म्हणतात. पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर चालतो. दुसरा, जुन्या गोळ्यांपैकी कुठल्या बंद, कुठल्या चालू आणि नवीन कुठल्या. तिसरा, वजन दोन किलो वाढलं तर आम्ही काय करायचं? काही डॉक्टर लघवीची गोळी दोन-तीन दिवस वाढवायला सांगतात, काही आधी फोन करा म्हणतात. जे असेल ते कार्डावर लिहून घ्या. दिवसाला पाणी किती, रक्ताची तपासणी कधी, पुढची तारीख कोणती, आणि अडचण आली तर फोन कुणाला करायचा, हेही विचारा. फोनच्या बाबतीत "हॉस्पिटलला करा" एवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांचे असिस्टंट किंवा ओपीडीची सिस्टर, नेमका माणूस आणि नेमका नंबर घ्या.

मग जे ऐकलं ते त्यांच्यासमोर आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. "म्हणजे ही पांढरी सकाळी एक, ही रात्री अर्धी, आणि जुनी बीपीची बंद, बरोबर?" तिसऱ्या वेळी मी हे केलं, तेव्हा दोन चुका तिथेच निघाल्या. कुणी रागावलं नाही.

पेशंट महात्मा जोतिबा फुले योजनेतून किंवा आयुष्मान कार्डावर अ‍ॅडमिट असेल तर डिस्चार्जनंतरच्या किती दिवसांची औषधं आणि तपासणी त्यात बसते हे आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, विचारून घ्या. पुढच्या महिन्यांचा गोळ्यांचा खर्च मात्र धरून चालावाच लागतो. पैशांची ओढाताण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि जनऔषधी केंद्रात मिळतील अशी औषधं लिहून मागा. पैसे नाहीत म्हणून गुपचूप बंद केलेली गोळी हे परत अ‍ॅडमिट होण्याचं फार मोठं कारण आहे.

पायरी २: त्याच संध्याकाळी सगळ्या गोळ्या वर्तमानपत्रावर मांडा

घरातली एकूण एक औषधं बाहेर काढा. कपाटातली, फ्रीजवरच्या डब्यातली, उशाखालची, आईच्या पर्समधली. खाली पेपर पसरा आणि डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन एकेक स्ट्रिप तपासा. ठळक अक्षरातल्या नावाकडे पाहू नका. त्याच्या खाली बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा.

आमच्याकडे टॉर्सेमाईड, म्हणजे लघवीच्या गोळीतलं औषध, दोन नावांनी निघालं. एक जुन्या डॉक्टरांनी दिलेलं, एक नवीन हॉस्पिटलचं. रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, आत औषध एकच. आई मनापासून दोन्ही देणार होती. तसं झालं असतं तर अंगातलं पाणी गरजेपेक्षा जास्त निघून आण्णा चक्कर येऊन पडले असते.

बंद केलेल्या गोळ्या "असू देत, कधी लागतील" म्हणून ठेवू नका. चालू असलेल्या गोळ्यांचा एक तक्ता वहीत करा: नाव, कशासाठी, सकाळी किती, रात्री किती. कशासाठी हा रकाना महत्त्वाचा आहे. आण्णांना प्रत्येक गोळीचं काम कळल्यावरच त्यांचं "एवढ्या कशाला" थांबलं. सात दिवसांचा खणांचा डबा मेडिकलमध्ये मिळतो. रविवारी रात्री एकाच माणसाने भरायचा. मेडिकलवाला स्ट्रिप कापून देत असेल तर नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या.

लघवीच्या गोळीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुकवली जाते ती हीच. ही गोळी घेतली की दोन-तीन तास सारखं जावं लागतं. आण्णांनी आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली. गाडीत बसल्यावर मध्येच थांबता येत नाही हे त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं. त्यामुळे कुठे लग्नाला, दहाव्याला, अगदी तालुक्याला बँकेत जायचं असलं तरी त्या दिवशी ते गोळी घेत नसत, आणि सांगतही नसत. डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, चुकवू नका, त्या दिवशी पोचल्यावर दुपारी घ्या. एवढ्याने प्रश्न सुटला. तुमच्या घरच्या माणसालाही विचारा, पण आरोप करायच्या सुरात नको. "बाहेर जाताना गोळीचं काय करता?" असं सहज विचारलं की खरं कळतं. एरवी ही गोळी सकाळची सकाळी द्या. संध्याकाळी उशिरा दिली तर रात्रभर उठबस होते, झोप मोडते, आणि अंधारात संडासला जाताना पडण्याची भीती.

पायरी ३: रोज सकाळी वजन

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

साधा डिजिटल काटा आणा. तो सपाट फरशीवर एकाच जागी ठेवा. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवला तर आकडा चुकतो. सकाळी उठल्यावर लघवी करून, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन. आकडा लगेच लिहायचा. आमच्याकडे काट्याच्या वर भिंतीला कालनिर्णय टांगलेलं आहे आणि त्याला दोरीने पेन बांधलंय. तारखेच्या चौकटीत वजन लिहायचं. पहिल्या महिन्यात आकडे मी लिहीत होते. मग आण्णाच लिहायला लागले, आणि मला वाटतं तिथूनच खरा फरक पडला. पन्नास माणसांच्या तिकिटांचा हिशोब डोक्यात ठेवणारा माणूस, त्याला स्वतःच्या वजनाचा हिशोब दिला आणि त्याने तो मनावर घेतला.

एका दिवसात किलोभरापेक्षा जास्त किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे असं धरून त्याच दिवशी फोन करा, किंवा कार्डावर जे लिहून घेतलंय ते करा. "उद्या बघू" म्हणायचं नाही. जेवणाने माणूस तीन दिवसांत दोन किलो जाड होत नाही. उलट, कोरड्या वजनापेक्षा दोन किलो खाली गेलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, लघवी अगदी कमी होते, तर पाणी जास्त निघून गेलेलं असू शकतं. तेव्हाही फोन.

काहींचं वजन फारसं वाढत नाही, तरी दम लागतो. म्हणून वजनासोबत आणखी तीन गोष्टी पाहा. रात्री उशा किती लागल्या? एकाच्या दोन झाल्या की खूण समजा. नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच सेकंद दाबून धरा; खड्डा राहतो का, आणि कालच्यापेक्षा वर सरकलाय का? आणि रोजचं एक काम ठरवून घ्या, जसं घरापासून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालत जाणं. काल न थांबता गेले, आज मध्ये थांबावं लागलं, तर लिहून ठेवा. आडवं झाल्यावर येणारा कोरडा खोकलाही यातलाच. त्याला सर्दीचा खोकला समजून घरात पडलेलं सिरप देऊ नका.

पायरी ४: मीठ

पहिल्या डिस्चार्जनंतर आम्ही आण्णांना तेल-तूप बंद केलं, भात कमी केला, आणि तोंडाला चव यावी म्हणून रोज पानात लोणचं वाढलं. मीठ पाणी धरून ठेवतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. अकरा दिवसांत परत गेलो त्यात या लोणच्याचा मोठा वाटा होता.

जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. घरातला हिशोब असा करून पाहा: चार माणसांचे दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. आमच्याकडे ती महिन्याच्या आत संपत होती, शिवाय पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठ वेगळं.

पेशंटचं वेगळं शिजवणं फार दिवस टिकत नाही, आणि तो माणूस वरून चिमूटभर घेतोच. त्यापेक्षा सगळ्या घराचं कमी करा. भाकरीत एरवीही मीठ नसतं, ती उत्तम. पोळीच्या कणकेत घालत असाल तर थांबवा, दोन दिवसांत कुणाच्या लक्षातही येत नाही. भाताला नको. आमटी-भाजीत निम्मं करा आणि लसूण, आलं, मिरी, जिरं, कोथिंबीर, लिंबू यांचा हात सैल सोडा. मीठदाणी ताटाशेजारून उचला. तीन-चार आठवड्यांत जिभेला सवय होते. आई आता लग्नातलं जेवण खारट लागतं म्हणते.

पापड, सांडगे, कुरडया, लोणचं, शेव-फरसाण, खारे दाणे, वेफर्स, सॉस, सूपची आणि नूडल्सची पाकिटं हे बंदच ठेवा. कोकणात आणि गोव्यात सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा यांचा मोह मोठा असतो, आणि पावसाळ्यात तर ताटात दुसरं काही नसतं. ताजे मासे चालतात, खारवलेले नाहीत. कोकमाचं आगळही खारट असतं. ब्रेड, खारी, बिस्किटं गोड लागली तरी त्यांत मीठ आणि सोडा असतो. पोट फुगलं म्हणून फेसाळणारं इनो देणं म्हणजे सोडियमच देणं. सैंधव हेही मीठच आहे.

आणि लो सोडियम मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. हार्ट फेल्युअरच्या बऱ्याच गोळ्या, जसं स्पायरोनोलॅक्टोन, अंगातलं पोटॅशियम वाढवतात. दोन्ही मिळून ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. भेटायला येणारे नारळपाणी आणतात, तेव्हाही हेच लक्षात ठेवा.

दिवाळीचा फराळ, गणपती, संकष्टीची खिचडी यांची वेळ येतेच. "काहीच नको" म्हटलं तर माणूस लपून खातो. आम्ही करंजी देतो, चकली देत नाही, आणि त्या आठवड्यात कालनिर्णयाकडे रोज दोघे जण पाहतो.

पायरी ५: पाणी

डॉक्टरांनी दीड किंवा दोन लिटर सांगितलं असेल तर सकाळी तेवढं पाणी एका वेगळ्या कळशीत काढून ठेवा. चहा, ताक, आमटी, पेज, कलिंगड जे घेतील त्याच्या अंदाजाने कळशीतलं पाणी काढून टाका. तहान फार लागली तर चूळ भरणं किंवा बर्फाचा खडा चघळणं बरं पडतं. पाण्याची मर्यादा प्रत्येकाला लागत नाही. सांगितली नसेल तर स्वतःहून घालू नका.

पायरी ६: दुखण्याची गोळी आणि सलाईन

आमची दुसरी फेरी गुडघ्यामुळे झाली. आण्णांचे गुडघे जुने, थंडीत ठणकायला लागले. त्यांनी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि पाच दिवस सकाळ-संध्याकाळ घेतल्या. लघवी कमी झाली, पाय सुजले, सहाव्या दिवशी दम. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफिनॅक या जातीची औषधं मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा असर मारतात. दुखण्यासाठी चालेल असं औषध तपासणीच्या वेळीच लिहून घ्या. बहुतेक वेळा साधं पॅरासिटामॉल सुचवतात. मेडिकलवाल्याला आणि गावातल्या डॉक्टरांना आधी सांगायचं वाक्य पाठ करून ठेवा: "हार्ट फेल्युअर आहे, लघवीची गोळी चालू आहे." दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तरी.

दुसरी गोष्ट सलाईन. अशक्तपणा वाटला की एक बाटली लावून घ्यायची ही आपल्याकडची जुनी सवय. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. दिवसभराचं जवळजवळ सगळं मीठ आणि अर्धा लिटर पाणी तासाभरात सरळ रक्तात. शेजारच्या काकूंनी फार मायेने सुचवलं होतं. मी हात जोडून नाही म्हटलं.

पायरी ७: पहिली तपासणी ७ ते १४ दिवसांच्या आत

बरं वाटतंय म्हणून तारीख पुढे ढकलली जाते. बरं वाटत असतानाच जायचं असतं. हार्ट फेल्युअरच्या मुख्य गोळ्या सुरुवातीला कमी डोसने देतात. त्या हळूहळू वाढवत न्याव्या लागतात, आणि वाढवायच्या तर बीपी, नाडी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी), पोटॅशियम पाहावं लागतं. २०२२ साली १४ देशांतल्या हजाराहून जास्त पेशंटवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. एका गटाला डिस्चार्जनंतर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात बोलावून तपासत तपासत औषधं झपाट्याने पूर्ण डोसवर नेली, दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे सोडलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण पहिल्या गटात १५.२ टक्के होतं, दुसऱ्यात २३.३. गाडीभाडं आणि एक दिवसाची रजा यांच्यापुढे हा फरक फार मोठा आहे.

मोठं हॉस्पिटल लांब असेल तर मधल्या तपासण्या गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे करता येतील का ते विचारा. त्यांना डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स नेऊन द्या. हॉस्पिटलकडून त्यांना आपोआप काही कळत नाही. जाताना कालनिर्णयाच्या पानाचा फोटो, गोळ्यांचा तक्ता आणि बीपीचे आकडे बरोबर असू द्या. "तसे बरे आहेत" यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही, तीस दिवसांच्या आकड्यांवरून येतं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचंही त्याच वेळी विचारा. छातीतला साधा संसर्गसुद्धा अशा पेशंटला परत आयसीयूत नेतो.

आजारपण, उपास, ऊन

जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा जेवण-पाणी पूर्ण बंद झालं तर त्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. अंगातलं पाणी आधीच गेलेलं असताना लघवीची आणि बीपीची गोळी तशीच चालू ठेवली तर मूत्रपिंडाला इजा होते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (मुळात शुगरची, पण हार्ट फेल्युअरमध्येही देतात ती गोळी) चालू असेल तर अशा दिवसांत ती थांबवायची का, हे तर विचाराच. निर्जळी उपास अशा पेशंटने धरू नये. आईने आण्णांची आषाढी स्वतःकडे घेतली आणि त्यांना सांगितलं, विठोबाला दोघांची मिळून एक पोचते.

केव्हा फोन करत बसायचं नाही

बसूनही दम लागतोय, एक वाक्य सलग बोलता येत नाही, तोंडातून गुलाबी फेस, ओठ निळसर, छातीत दुखणं थांबत नाही, शुद्ध हरपली किंवा अचानक बडबड सुरू झाली, यातलं काहीही दिसलं तर सरळ १०८. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. गाडी येईपर्यंत पेशंटला आडवं करू नका. पाठीशी उशा लावून, पाय खाली सोडून बसवा. पाणी पाजू नका.

घरातल्या माणसांचं

ही सगळी कामं एकाच बाईच्या अंगावर पडतात आणि तीन आठवड्यांत ती थकते. कामं वाटा. आमच्याकडे डबा मी भरते, काटा आण्णांचा, तपासणीला नेणं आणि औषधं आणणं भावाकडे, मिठाचा ताबा आईकडे. पुण्यात किंवा दुबईत असलेल्या भावंडांना रोज सकाळी वजनाचा फोटो जातो. त्यांना काळजी करण्याऐवजी करायला काहीतरी मिळतं, आणि दोनदा तर वाढ आमच्या आधी त्यांच्याच लक्षात आली.

पेशंट गप्प गप्प राहतो, जेवण नको म्हणतो, "कशाला एवढं करता" म्हणतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका. मन खचलेला माणूस गोळ्या सोडतो. हेही डॉक्टरांना सांगायचंच आहे. जमेल तेवढं रोज चालू द्या, बोलता बोलता चालता येईल एवढ्याच वेगाने. तंबाखू, मशेरी, दारू पूर्ण बंद.

दाराच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगून ठेवा. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, शेवटचा इको आणि ईसीजी, गोळ्यांचा ताजा तक्ता, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स, थोडे सुटे पैसे. गोळी बदलली की तक्ता त्याच दिवशी बदलायचा. आमची पिशवी खुंटीवरच आहे. महिन्यातून एकदा तपासणीला जाताना ती खाली येते आणि संध्याकाळी परत वर जाते.